बंद, कारण माल नाही

विठ्ठलवाडी,
६ जानेवारी २००४

चि. पायल हीस बबनकाकाचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

आम्ही इकडे ठीक. तीन स्टेशनांवर राहणाऱ्या पुतणीला काका पत्र कशाला लिहितो, म्हणून हसशील. पण फोन मुकेशशेठच्या दुकानात. तिथे मनातलं बोलायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला पत्रिका वाटायची.

आनंदनगरात नवी फॅक्टरी उघडते आहे आणि पत्रा कापायच्या प्रेस मशीनवर जुने ऑपरेटर घेणार आहेत. फॉर्म आणलाय, पण तो इंग्रजीत. त्यात एक रकाना आहे, मागची नोकरी सुटल्यापासून काय करत होता? आमची फॅक्टरी बंद पडून चौदा महिने झाले. मशीन थांबलं की रजिस्टरात 'आयडल' लिहायचो, तेवढा एक शब्द मला येतो. तुझी काकी म्हणते, तो लिहू नका, आळशी वाटाल. तिचा भाऊ सुदाम म्हणतो, सरळ 'बिझनेस' ठोकून द्या. पन्नाशीच्या माणसाला दुसरी संधी कोण देतं गं? तू शाळेत इंग्रजी शिकवतेस, योग्य शब्द तूच कळव.

वडिलांना जयभीम सांग. तब्येतीला जप.
तुझा,
बबनकाका

कुळगाव, बदलापूर
१० जानेवारी २००४

ती. बबनकाका यांस पायलचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र वाचून बाबा म्हणाले, बबन्याला लहानपणापासून रिकामं बसायला जमत नाही, त्याला तसला शब्द शोभणारच नाही. तरी शोधते.

काकींचं बरोबर आहे. मशीन आयडल असलं तर त्याचा दोष नाही, पण माणसाला आयडल म्हटलं की जरा टोचतं. लेझी तर नकोच. काम समोर असून अंग चोरतो तो लेझी. इंडोलंट म्हणजे खानदानी आळशी, ह्याला हातात पंखा आणि पाठीला लोड लागतो. तुमच्या घरात एवढी जागा नाही. लॉइटरिंग हा पोलिसांच्या पाटीवरचा शब्द, उगाच घुटमळणाऱ्यांसाठी. डॉडल माझ्या सातवी ब-ला लागू, एक ओळ लिहायला अर्धा तास. आणि लाउंजिंग म्हणजे खुर्चीत असं पसरायचं की खुर्ची कुठे संपते ते कळू नये. सगळ्यात गोड शब्द लीझर. रिकामपण तेच, पण आपल्या मर्जीचं, म्हणून त्यात लाज नाही. तो मात्र तुम्हाला लिहिता येणार नाही, कारण फॅक्टरी तुमच्या मर्जीने बंद पडली नव्हती.

काका, दिवसभर तुम्ही खरोखर काय करता ते आधी सांगा. मग मापाचा शब्द बेतू.

काकींना जयभीम. माया आहेच, तशीच असू द्या.
आपली,
पायल

विठ्ठलवाडी,
१६ जानेवारी २००४

चि. पायल हीस अनेक आशीर्वाद.

तुझे शब्द घेऊन चार दिवस गल्लीत फिरलो. इंडोलंट सापडला, मुकेशशेठचा जावई. डॉडल म्हणजे सुदाम, एका कटिंगवर अर्धा दिवस काढतो. एसटी डेपोच्या कठड्यावर लॉइटरिंग करणारा कोण म्हणून पाहिलं, तर मीच.

आता कोणाला न सांगितलेली गोष्ट सांगतो. फॅक्टरी बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी स्वतःचं रजिस्टर ठेवलंय. आमच्याकडे मशीन बंद राहिलं की पाळीगणिक कारण लिहायचं: माल नाही, लाइट नाही, दुरुस्ती. सव्वीस वर्षांची सवय, सुटेना. म्हणून रोज लिहितो, 'पाळी पहिली. बंद. कारण माल नाही.' खाली, काय केलं ते. विहाराचा पंप उघडून बसवला. काकीच्या शिलाई मशीनची मोटर बांधली. शेजारच्या जनाबाईंचा गॅस नंबर लावून आणला. पण अकरा दिवस असे आहेत की तिथे लिहिलंय, 'बंद. कारण ऑपरेटरचं मन नाही.' त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडून होतो.

परवा ते रजिस्टर काकीच्या हाती लागलं. मजुरीवर घरी आणलेल्या जीन्सचे धागे कापत बसली आणि डोळे पुसत राहिली. मला फार वाईट वाटलं.

मग ठरवलं, शब्दच नको. फॉर्मच्या रकान्यात लिहिलं, 'सोबत रजिस्टर जोडलं आहे', आणि काल सगळं देऊन आलो.
तुझा,
बबनकाका

कुळगाव,
१९ जानेवारी २००४

ती. बबनकाका यांस सविनय जयभीम.

अहो, काय केलंत हे! पंप, मोटर सगळं छान, पण ते अकरा दिवस? नोकरी मागायला जाताना आपणच आपल्या तोंडाला काळं फासून जातं का कोणी? ती पानं तरी काढायची होती. बाबा म्हणतात, बबन्या पानं फाडणारा नाही, आणि त्याचीच मला भीती वाटते. झोप लागत नाहीये. काही कळलं तर मुकेशशेठच्या दुकानातून का होईना, फोन करा. गल्लीला कळू दे.
काळजीत,
पायल

विठ्ठलवाडी,
१४ फेब्रुवारी २००४

चि. पायल हीस अनेक आशीर्वाद.

फोनवर नीट सांगता आलं नाही. मुकेशशेठ पेढे मागत मध्येच बोलत होते.

नव्या फॅक्टरीतले पुष्करसाहेब वयाने तुझ्याएवढे. रजिस्टर पुढ्यात घेऊन त्यांनी पंपाचं विचारलं नाही, मोटरचं विचारलं नाही. त्या अकरा दिवसांवर बोट ठेवलं. मला घाम फुटला. पण खरं ते सांगितलं, की मन जागेवर नसलं की मी प्रेसला हात लावत नाही, तिथे जरा नजर चुकली की बोट जातं. जुन्या फॅक्टरीतही फोरमनला सांगून त्या दिवशी पॅकिंगला जायचो, शिव्या खायचो. साहेब म्हणाले, हात दाखवा. मी दोन्ही पंजे टेबलावर ठेवले. त्यांनी बोटं मोजली. दहाच्या दहा. म्हणाले, सकाळपासून प्रेसवाले इतके आले, पण पुरी बोटं असलेले तुम्ही तिसरे, सोमवारपासून या.

पायल, मी रस्त्यात रडलो गं. आता परत मिळालेलं रजिस्टर मिटून ठेवणार होतो, पण तुझ्या काकीने मागून घेतलं. काल शुक्रवार, आमच्या फॅक्टरीला आठवड्याची सुट्टी. तिने धाग्यांचं गाठोडं कोपऱ्यात सरकवलं, दुपारभर पाय पसरून पडली आणि चहा मला करायला लावला. पुढचं ती स्वतः लिहिते आहे.

पायल, मी गंगूकाकी. सून होऊन आल्यापासून आजवर रिकामी बसले नव्हते. रजिस्टरच्या मागच्या पानावर माझी पहिली नोंद केली आहे, ती तुला पाठवते. 'शुक्रवार. बंद. कारण माझी मर्जी.' ह्यालाच ना तुझा तो गोड शब्द?