किरण अंगात राहत नाहीत

बाबा, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्ही शिकवलेली पोरंही आता काठी टेकत फिरतात. माझं स्वतःचं डोकं पांढरं झालं. तरी सकाळी चहा ठेवताना मधेच तुम्ही आठवता आणि साखरेचा डबा माझ्या हातून जरा जोरातच आदळतो. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी म्हणते, जिवंतपणी धरू दिला असता तर आता धरावा लागला नसता. पण तुमच्यासमोर तोंड उघडायची कोणाची टाप होती? अर्धं बुलढाणा तुम्हाला वाकून नमस्कार करायचं. सायन्सचे सर म्हटलं की दुसरं नाव कोणी घेत नसे. घरातसुद्धा तुम्ही सरच होता.

आधी तुमचं चांगलं सांगते, नाहीतर म्हणाल की पोरगी एकतर्फी निकाल देते. माझी शाळा सुटली की मी तुमच्या अकरावीच्या वर्गाबाहेर व्हरांड्यात बसून राहायची. आत तुम्ही शिकवता आहात. काही अणू असे असतात की त्यांच्या पोटातला गाभा त्यांनाच पेलवत नाही, तो आपोआप फुटत राहतो आणि फुटताना काहीतरी बाहेर फेकतो. तुम्ही फळ्यावर तीन बाण काढता. अल्फा म्हणजे कापसाच्या गाठींनी लादलेली बैलगाडी, वजन मोठं पण पहिल्याच चिखलात रुतली. साधा कागद आडवा धरला की थांबली. अंगाच्या कातडीपुढे तिचं काही चालत नाही, पण तीच अन्नातून किंवा श्वासातून पोटात गेली की आतल्या आत नासधूस करते. बीटा म्हणजे सायकलवाला. कागदातून निसटतो, कातडी भाजून काढतो, पण जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातळ ताटाला धडकून पडतो. आणि गॅमा म्हणजे मलकापूरला न थांबणारी मेल. हाडामांसातून आरपार. वाटेत जे येईल ते मोडते, रोगाचं असो की चांगलं असो, आणि तिला रोखायला जाड शिसंच लागतं. मग तुम्ही खडू खाली ठेवून विचारायचात, "मेल निघून गेली. आता स्टेशनात मेलचं काय उरलं?" पोरं एका सुरात म्हणायची, "काही नाही, सर!" मी बाहेर बसून तेच पुटपुटायची. काही नाही, सर.

तुम्हाला हे उत्तर येत होतं, बाबा. वर्षानुवर्षं तुम्ही ते पोरांकडून वदवून घेतलंत.

आणखी एक गोष्ट तुम्हीच आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितलेली. तुमच्या लहानपणी गावच्या हॉटेलात आपल्या लोकांसाठी कान तुटलेली कपबशी बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेली असायची. चहा वरून ओतायचे, तो प्यायचा, कप आपणच विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवायचा. शाळेत तुम्ही दाराशी बसायचात, आणि तहान लागली की ओंजळ पुढे करून उभे राहायचात. कोणी मोठ्या मनाचा निघाला तर दोन हात वरून पाणी सोडायचा. ते ऐकताना माय जेवणाचं ताट बाजूला सारायची. दीक्षा घेऊन आलात तेव्हा देव्हाऱ्यातलं सगळं गाठोड्यात बांधून नदीत सोडलंत. भिंतीवर बुद्धाची तसबीर लावलीत आणि खाली बाकावर विज्ञानाची पुस्तकं रचलीत. विटाळ नावाची गोष्ट निसर्गात नाही, असं तुम्ही म्हणायचात. मला ते पाढ्यासारखं पाठ होतं.

मग माय आजारी पडली. महाराष्ट्र होऊन थोडी वर्षं झाली होती, मी जेमतेम दहाची, धाकटा भाऊ नुकता पाय टाकायला लागलेला. बाईच्या जातीचा आजार, म्हणून घरात त्याचं नाव कोणी घेत नव्हतं. तुम्ही आणि मामा तिला घाट उतरून मलकापूरला घेऊन गेलात, तिथून मुंबईला. आम्ही दोघं शेजारच्या मावशीकडे. आपल्याच वस्तीतली, रोजानं शेतात निंदणीला जाणारी, पण मायची जीवाभावाची. मुंबईला काय झालं ते मामानं सांगितलं म्हणून मला ठाऊक. रेडियम बसवलेल्या बारीक नळ्या मायच्या पोटात ठेवल्या. नळीच्या धातूत अल्फा-बीटा अडकून राहतात आणि गॅमा तेवढी बाहेर येऊन कॅन्सरची गाठ जाळते. नळ्या आत होत्या तोवर मायला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. नर्स शिशाच्या पडद्याआडून लांब चिमट्यानं काम करायची, आणि तुम्हाला दारातूनच बघायची परवानगी होती. ते बरोबरच होतं, माझी त्याबद्दल तक्रार नाही. नंतर नळ्या काढल्या, मोजून शिशाच्या पेटीत ठेवल्या, आणि माय मोकळी झाली.

माझी तक्रार बुलढाण्याला आल्यावर सुरू होते.

तुम्ही मायची खाट मागच्या पडवीत टाकलीत. खाटेपासून दोन-अडीच हातांवर, जमिनीवर खडूची रेघ मारलीत, शाळेतल्या खडूची. अंतर दुप्पट केलं की किरणांचा जोर चौथाईवर येतो, हेही आम्हाला समजावून सांगितलंत. रेघेच्या आत पोरांनी जायचं नाही. मायचं ताट जर्मनचं, आमची पितळेची. बीटाला अडवायला म्हणून ते ताट निवडलंत की हाताला लागलं म्हणून, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी शेणानं पडवी सारवायची आणि रेघ पुसली जायची. संध्याकाळी तुम्ही शाळेतून आलात की चप्पल काढायच्या आधी वाकून ती परत आखायचात. आणि पाणी? पाण्याचा तांब्या घेऊन मी रेघेवर उभी राहायची, माय खाटेवरून वाकून पेला पुढे धरायची, आणि मी वरून धार सोडायची. पेल्याला तांब्या लागता कामा नये. हे तुम्हीच शिकवलंत मला, बाबा. मनगट कसं वळवायचं, धार कशी बारीक ठेवायची, सगळं.

एकदा पाणी पिऊन झाल्यावर माय माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "बाई, असं वरून पाणी मी लहानपणी लय पेली. तवा टाकणारे दुसरे होते. आता माही लेक टाकून राह्यली, एवढाच फरक."

तुम्ही आतल्या खोलीत वह्या तपासत होता. दार उघडं होतं, तुम्हाला ऐकू गेलंच असणार. तुम्ही बाहेर आला नाहीत.

धाकट्याला रेघ काय आणि किरण काय. एका दुपारी माझी नजर चुकवून तो दुडदुडत आत गेला आणि खाटेची दोरी धरून उभा राहिला. मायनं हात खाली सोडला होता, त्याच्या डोक्यापर्यंत पोचणारच होता. तेवढ्यात तुम्ही आलात. त्याला एका दंडाला धरून उचललंत, बाहेर नेलंत, थंडीच्या दिवसांत गार पाण्यानं आणि साबणानं घासून घासून धुतलंत. तो रडून रडून निळा पडला. माय आतून ओरडत होती, "आवो, काऊन धुता त्याले? हातबी नाही लावला मी अजून!" तुम्ही म्हणालात, "दिसत नाही म्हणून नाही असं होत नाही. तुले समजत नाही." तिला समजत नव्हतं म्हणे! तिला तुमच्याइतके बाण काढता येत नव्हते, एवढंच. स्पर्शाला अंग धुणारे लोक तिनं जन्मभर पाहिले होते. आपल्याच पोराला आपल्यापायी धुताना मात्र तिनं पहिल्यांदा पाहिलं.

शेजारची मावशी तेवढी जुमानायची नाही. कामावरून आली की सरळ खाटेवर बसून मायची वेणी घालायची. उपचारानं माय वाळून गेली होती, जेवण अंगी लागत नव्हतं, आतड्यांना इजा झाल्यामुळे सारखं पोट बिघडायचं, पडवीत वास असायचा. मावशी नाकाला पदर लावत नसे. तुम्ही तिला अडवलंत तेव्हा ती म्हणाली, "मास्तर, तुमचे किरण मले काही दिसून नाही राह्यले. तिच्या डोक्यातला गुंता दिसून राह्यला." तुम्ही चिडलात. "तुम्ही अडाणी आहा. उद्या तुमच्या लेकराईले काही झालं, तं मलेच बोल लावसान." तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसानं लेकरांचं नाव काढल्यावर ती बिचारी काय करणार? कंगवा खाटेवर ठेवून निघून गेली. त्यानंतर ती दारातूनच बोलायची. मायच्या केसांच्या जटा झाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात माय गेली. सकाळची वेळ होती. आणि तुम्ही काय केलंत? सगळ्या वस्तीसमोर, खडूच्या रेघेवरून चालत आत गेलात, तिचं डोकं मांडीवर घेतलंत आणि तिच्या तोंडावरून हात फिरवत लहान पोरासारखे रडलात. बायका म्हणाल्या, किती जीव होता मास्तराचा! मी दाराला टेकून उभी होते. रेडियम निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात, हे तुमच्याच तोंडून मी ऐकलेलं. मग मायच्या अंगातले तुमचे किरण एका सकाळीत कसे काय संपले? आदल्या दिवशी हाच हात तिच्या कपाळावर ठेवला असता तर तिला तो कळला असता. मेल्यावर ठेवलात, तो कोणासाठी ठेवलात?

अमरावतीला कॉलेजात गेले तेव्हा भौतिकशास्त्र मी मुद्दाम घेतलं. सुट्टीत घरी आले, तुम्हाला जेवायला वाढलं आणि मनात कितीतरी वेळा घोकलेलं वाक्य बोलून टाकलं: नळ्या काढल्यावर काही उरत नाही, बाबा, किरण अंगात राहत नाहीत. तुम्ही घास चावून संपवलात. मग म्हणालात, "ते पेपरात लिहिजो." आणि भाकरी मागितलीत. मी वाढली. तरीही तेव्हा मी स्वतःची समजूत घातली की जुन्या माणसाचं अर्धवट वाचन, घाबरला असेल, चुकला असेल. अज्ञानावर किती दिवस रागवायचं?

पण तुमच्या मागे मामानं ती समजूतही काढून घेतली. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना आटोपल्यावर भिंतीला पाठ टेकून बसला होता. म्हणाला, "बाई, तुले सांगू का नोको, असं इतके दिवस वाटत होतं. डॉक्टर माह्या समोर बोलला. किरण मोजाचं मशीन फिरवलं तिच्या अंगावरून, ते चूप राह्यलं. म्हणे, आता यांच्या अंगात काही नाही, लेकरांना खुशाल जवळ झोपवा. भाऊजीनं हाव म्हटलं. गाडीत बसल्यावर मले म्हणते, डॉक्टरले काय, त्याचे लेकरं थोडेच हायेत." मी विचारलं, मग तू का बोलला नाहीस? मामा म्हणाला, "शिकलेल्या माणसापुढे मी काय बोलू?"

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. फळ्यावर माहीत होतं आणि इस्पितळातही माहीत होतं. अज्ञान नव्हतंच. भीती होती, आणि भीती वाटली की माणसाला वेगळं कसं पाडायचं, याची पद्धत तुमच्या अंगात लहानपणीच मुरली होती. ज्यांनी तुम्हाला ओंजळीत पाणी दिलं त्यांचा तुम्ही जन्मभर तिरस्कार केलात, आणि घरात गरज पडली तेव्हा नेमकी त्यांचीच रीत काढलीत, वरून तिला विज्ञानाचं नाव दिलंत. त्यांना मी एक वेळ माफ करीन. ते पुस्तकं वाचत नव्हते.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण आता लिहिते ते मी घरात कोणालाही सांगितलेलं नाही. मागच्या वर्षी मला छातीत गाठ निघाली, तेवढं घरच्यांना ठाऊक आहे. औरंगाबादला राहून रोज किरणांचा शेक घेतला, तोच गॅमाचा भाऊबंद, बाहेरून मशीनमधून दिलेला. मीही आयुष्यभर वर्गात हेच शिकवलं आहे. मशीन बंद झालं की संपलं, हे मला डॉक्टरनं सांगायची गरज नव्हती, उलट वेटिंगमधल्या बायकांना मीच समजावत होते. शेवटचा शेक घेऊन घरी आले, खुर्चीत बसले. नात पळत आली, दोन्ही हात पसरून. आणि माझा हात पुढे झाला, बाबा. पंजा उघडा, तिला थांब म्हणणारा. मी उचलला नव्हता, तो आपोआप उचलला गेला. पोर जागच्या जागी थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी हात खाली घेतला, तिला ओढून मांडीवर बसवलं, ती विसरूनही गेली. मी विसरले नाही. कोणाला सांगायचं म्हटलं तर एवढं शिकून अशी कशी, असं म्हणतील. तो हात का उठला हे न सांगता ज्याला कळेल, असं जगात एकच माणूस होतं, आणि ते तुम्ही होता. सगळ्यात जास्त राग मला त्याचाच येतो.