राडामेसची बॅटरी

रविवार, १४ जुलै
अकराला लाइट गेली. राडामेस कुठूनशी जुनी बॅटरी उचलून हजर! "तुझ्या नवीला ही जोडतो. आईचं ऑक्सिजनचं मशीन सहा तास चालेल." म्हटलं, नवी आणि म्हातारी एकत्र चालतात का रे? "योकास्ता, तू झगे शिव. वायरी मला कळतात." धाकटा भाऊ असता तर कानाखालीच दिली असती.

सोमवार, १५
"लाइट आली!" — गल्लीभर नेहमीचा गलका. बॅटऱ्या चार्ज व्हायला लागल्या आणि परसात सडक्या अंड्यांचा वास! त्याची बॅटरी चटका बसेल इतकी तापलेली. धावत जाऊन इन्व्हर्टर बंद केला. लाइट असली तरी सगळं घर त्याच्यातूनच चालतं, आईचं मशीनसुद्धा. शेजारणीकडून भिंतीवरून वायर ओढेपर्यंत आईचे ओठ निळे पडले होते.

बानी ते राजधानी प्रवासी गाडी हाकतो हा माणूस, बॅटरीतलं एवढं कळू नये? फोनवर वाट्टेल ते बोलले. पुन्हा दारात पाऊल टाकू नकोस म्हटलं.

बुधवार, १७
कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्या डॉन प्लिनिओंना आणलं. माझ्या बॅटरीसारखीच दुसरी मिळाली — तीच कंपनी, तेवढीच ताकद, तितकीच नवी. "दोन्ही आधी वेगवेगळ्या पूर्ण चार्ज कर. इन्व्हर्टर बंद ठेव. आणि अंगठी काढ, पोरी!" मग लाल टोक लालला, काळं काळ्याला. इन्व्हर्टरची लाल वायर पहिलीवर, काळी दुसरीवर, म्हणजे भार दोन्हींवर सारखा. लाल वायरीवर, बॅटरीजवळच, फ्यूज. सगळं मी केलं, झगे शिवणाऱ्या हातांनी! ते नुसते स्टुलावर बसून कॉफी पीत होते.

"जुनी वाईट नाही हं. गाडी सुरू करायला चांगली. तासन्‌तास मशीन ओढणं तिचं काम नव्हे."

वाईट नाही म्हणे!

गुरुवार, १८
भंगारवाल्याचा भोंगा आला — "जुने फ्रिज, पंखे, बॅटऱ्याऽऽ!" दिली उचलून. काय बरं वाटलं! आई म्हणाली, "त्याला विचारलंस?" कशाला विचारू? सोमवारपासून तोंड दाखवलंय का त्यानं?

शनिवार, २०
सहा तास लाइट नव्हती. मशीन एकदाही थांबलं नाही. आई चक्क घोरत होती.

रविवार, २१
राडामेसला चार शब्द सुनवायला त्याच्या घरी गेले. गाडी दारातच उभी. बॉनेट उघडं, आत बॅटरीची जागा रिकामी. वहिनी म्हणाली, "आठवडाभर एक फेरी नाही. आईची सोय होईपर्यंत बॅटरी तिकडेच राहू दे म्हणाला. आत्ताच तुझ्याकडे गेलाय, ती परत आणायला."