आत घेतलेला श्वास

१२ ऑगस्ट, सोमवार

आज नोकरीवर रुजू झालो. कोल्हापुरात, मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत केळ्यांची वखार आहे, तिथे. इचलकरंजीहून निघताना अब्बांनी दोनदा विचारलं, की रसायनशास्त्र शिकलेल्या पोराचं केळ्यांपाशी काय काम? त्यांना समजावलं, की केळी हवेवर पिकतात. बंद, थंड चेंबरमध्ये चिमूटभर इथिलीन वायू सोडला की हिरवे घड जोरात श्वास घ्यायला लागतात. ऑक्सिजन ओढतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि गोड होत जातात. तो सोडलेला वायू वेळेवर बाहेर काढायचा, हे माझं काम. उभा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात काढलेले अब्बा ऐकून हसले. म्हणाले, म्हणजे केळ्यांना वारा घालायचा की!

मालक बाळासो मोठ्या आवाजाचे, मोकळे. "पावणं, आदी च्या घ्या, मग केळी बघा," असं स्वागत झालं. श्रावणी सोमवार असल्यामुळे उपासवाल्यांनी माल हातोहात उचलला. चेंबर चार आहेत, प्रत्येकाच्या दाराबाहेर हवेचा मीटर. ऑफिसमागची खोली मला राहायला मिळाली. पिकत्या केळ्यांचा वास उशीलासुद्धा येतो. सुहानाताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, माकड होशील.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

काम जमायला लागलंय. क्रेट धुणाऱ्या धोंडुबाई मला रोज भाकरीतली चतकोर देतात, वर मिरचीचा खर्डा. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं की खूश होतात. जेवायला मात्र त्या एकट्याच चार नंबरच्या दाराला पाठ लावून बसतात. ते चेंबर रिकामं आहे. बाळासो म्हणाले, मशीन बिघडलंय.

२० ऑगस्ट, मंगळवार

चार नंबरचा मीटर सहज चालू केला. रिकाम्या खोलीतली हवा बाहेरच्यासारखी हवी, म्हणजे ऑक्सिजन एकवीस टक्के. मीटरवर अठरा आले. वाटलं, आत माल राहिलाय, सडतोय. पण मग कार्बन डायऑक्साइड वाढायला हवा होता. तो जराही वाढलेला नव्हता.

दार उघडायला ताकद लागली. कडेची रबरी पट्टी आतल्या बाजूला ओढली गेली होती. दार सुटलं तशी बाहेरची हवा माझ्या कानावरून आत घुसली. आत ओली फरशी आणि बंद पंखा, बाकी काही नाही. आकडा हळूहळू एकवीसवर आला.

२२ ऑगस्ट, गुरुवार

दोन नंबरचा मीटर काढून चारला लावला. तोही तेच दाखवतो. इथिलीनच्या टाकीत नायट्रोजन मिसळलेला असतो. तो गळला तरी ऑक्सिजन कमी दिसेल, म्हणून टाकीच अंगणात नेऊन ठेवली. फरक नाही. शिवाय गळती असती तर हवेनं दार बाहेर ढकललं असतं. हे दार आत ओढलं जातंय.

आज दार उघडताच काडी पेटवून आत धरली. ज्योत आतल्या बाजूला आडवी झाली आणि विझली.

२६ ऑगस्ट, सोमवार

धोंडुबाईंना सांगितलं. हातातला क्रेट खाली ठेवून त्या म्हणाल्या, आत त्यांचे मालक आहेत, म्हणजे नवरा. जोतीराम. माझ्या जागेवर तेच होते. मे महिन्यात उकडतंय म्हणून दुपारी याच चार नंबरमध्ये, पिकत्या मालापाशी गारव्याला आडवे झाले आणि डोळा लागला. केळ्यांनी सोडलेल्या वायूनं त्यांना उठू दिलं नाही.

"मंजी त्यो श्वास घेतोय? खरं सांग लेकरा." माझा हात त्यांनी घट्ट धरला होता. मी मीटरकडे बोट दाखवलं. त्या दाराला कान लावून रडल्या, आणि मग हसल्या.

२९ ऑगस्ट, गुरुवार

आता त्या रोज आकडा विचारतात. खाली गेला की चेहरा उजळतो. दारापुढे ताट वाढून ठेवतात. आज मी म्हणालो, मावशी, माणूस श्वास सोडतोसुद्धा. हे जे आहे ते नुसतं घेतंय, बाहेर काहीच येत नाही.

"सोडंल की," त्या म्हणाल्या. "आदी पोटभर घिऊ दे त्येला."

पट्टीतून आता बारीक शीळ ऐकू येते.

१ सप्टेंबर, रविवार

गणपतीसाठी मोठी मागणी आलीय. बिघडलेल्या मशीनचं नाव न काढता बाळासोंनी चार नंबर भरायला सांगितलं. मी आकडे दाखवले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. म्हणाले, जोतीरामला बाहेर काढला तेव्हा तोंड उघडं होतं आणि छाती भरलेली. डॉक्टरांनी दाबून पाहिली. खाली बसली नाही. तशीच भरलेली छाती घेऊन चितेवर गेला.

मग खाकरून म्हणाले, माल भरा. गणपती काय थांबत न्हाय.

३ सप्टेंबर, मंगळवार

चारमधली केळी पिकली नाहीत. हिरवीच राहून आक्रसली, सालं देठाशी चिकटली. आता तीन नंबरचा ऑक्सिजनही उतरतोय. मधली भिंत काँक्रीटची आहे.

सुहानाताईचा फोन. माझा आवाज ऐकून म्हणाली, आत्ताच्या आत्ता घरी ये. मी म्हटलं, गणपतीचा माल गेला की येतो. मावशींना इथे एकटं कसं सोडू?

४ सप्टेंबर, बुधवार

माझ्या खोलीत ऊद लावला. धूर वर जाईना. आडवा, दोरीसारखा, चार नंबरच्या दिशेच्या भिंतीकडे — आणि भिंतीपाशी संपतो. पसरत नाही. संपतो.

उद्या सकाळीच मावशींना त्यांच्या भावाकडे कागलला पोचवणार. त्या हो म्हणाल्या. फार लगेच हो म्हणाल्या.

५ सप्टेंबर, दुपार

कागलची गाडी चुकली, सकाळपासून मावशींचा पत्ता नाही. चार नंबरवर कार्बन डायऑक्साइड वाढतोय. पहिल्यांदाच. आत कोणीतरी श्वास सोडतंय —

दारापुढे धोंडुबाईंच्या चपला.

त्यानंतर

काढलं बाहेर. मी आणि बाळासो, पहारीनं. दार सुटेना. सुटलं तेव्हा आतली शीळ थांबली. एकदम.

त्या जिवंत आहेत. ऑफिसात खुर्चीवर बसवलंय. बाळासो गाडी आणायला रस्त्यावर धावलेत. नुसतं बसवत नाही म्हणून लिहितोय, लिहिलं की जरा —

विचारलं, बरं वाटतंय का? मान हलवली. बोलत नाहीत. ओठ उघडे. छाती वर येते.

वर येते. अजून वर.

खाली आलेली मी पाहिली नाही.

मावशी, सोडा, म्हणालो. श्वास सोडा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मावशींची नाही. ओळखच नाही त्यात.

ऑफिसचं दार उघडत नाही. ओढतोय. काच आत वाकलीय. बाळासो बाहेरून ठोकताहेत, आवाज फार लांबून —

वहीची पानं मावशींकडे उडताहेत. कोपरानं दाबून —

माझा श्वास बाहेर जातोय. नुसता बाहेर. आत काहीच येत —

तोंड मिटलं तरी —