मी बाहेर पडलो की अप्पा उठतात

४ नोव्हेंबर, सोमवार

आज सकाळी अप्पांना अंघोळ घातली, अंग पुसलं, सदरा चढवला, काखांत हात घालून पलंगावर आणलं. पाय उचलून वर ठेवले, पांघरूण सारखं केलं. गेल्या वर्षी पडून त्यांचं मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून रोज करतो तसंच. मग देवाला हात जोडले आणि हॉस्पिटलला कामावर निघालो. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि लक्षात आलं — चष्मा राहिला!

परसाकडून आत शिरलो. तर अप्पा कुंपणाच्या भिंतीवर! घोड्यावर बसावं तसे, एक पाय अलीकडे, एक पलीकडे. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, हातात थापी. ढासळलेला कोपरा नव्याने रचत होते. खाली माझी बायको, सिमेंटचं घमेलं घेऊन!

मी हाक मारायला तोंड उघडलं. ही दबक्या आवाजात म्हणाली, "ओरडू नका हं! दचकून पडतील."

अप्पांनी वळून पाहिलं. हातातली वीट नीट बसवली. कडेचा जास्तीचा माल थापीने काढला. मग स्टुलावर पाय टेकून उतरले, माझ्या शेजारून घरात गेले, पलंगावर आडवे झाले, पांघरूण ओढलं — आणि खोकले!

५ नोव्हेंबर

काल वॉर्डात हात चालत होते, डोकं ठिकाणावर नव्हतं. एका आजींना एक्स-रेला न्यायचं, ते खुर्ची ढकलत थेट मुख्य दारापर्यंत नेलं. त्या बिचाऱ्या खूष — वाटलं घरी सोडलं!

संध्याकाळी हिला विचारलं. कधीपासून चाललंय हे?

"झाले की पाच-सहा महिने. तुम्ही बाहेर पडलात की उठतात. आधी कुंड्या हलवल्या, मग न्हाणीघराची फरशी बसवली."

फरशी! मला सांगितलं होतं, गवंडी बोलावला म्हणून.

"मग, खोटं काय सांगितलं? गवंडीच आहेत ते."

आणि मला का नाही सांगितलं?

"तेच म्हणाले, सांगू नकोस. त्याला करायची हौस आहे, करू दे."

हौस. मी याला सेवा म्हणत होतो.

६ नोव्हेंबर

आजही अंघोळ घातली. नेहमीसारखा सगळा भार माझ्या खांद्यावर टाकून चालले. काय सफाई आहे!

८ नोव्हेंबर, शुक्रवार

हॉस्पिटलात व्यायाम शिकवणाऱ्या बाई आहेत, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांना विचारलं — समजा एखादा म्हातारा माणूस घरच्यांसमोर उगाच पडून राहतो, पण मागे चालतो-फिरतो, तर काही बिघडतं का?

"मामा, हे तुमच्या घरचं ना?"

मी छताकडे बघितलं.

त्या हसल्या, पण मग हसू आवरून म्हणाल्या, "तुम्ही घरी असता तेव्हा ते पूर्ण वेळ पडूनच? सुटीच्या दिवशीसुद्धा? मामा, पडून राहिलं की पायातली ताकद जातेच. नाटक आहे हे त्या पायांना कळत नाही."

मला एकदम आठवली गेल्या महिन्यातली रजा. खास अप्पांसाठी काढली होती, आठवडाभर. त्यांना एक पाऊल टाकू दिलं नव्हतं. घरी येऊन हिला विचारलं, त्या रजेनंतर अप्पा कसे होते?

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही कामावर गेलात तेव्हा उठायला गेले, तर गुडघे वळेनात. पलंगाला धरून उभे होते. रडले हो त्या दिवशी."

मी रोज पेशंट उचलतो. पडून पडून माणूस कसा संपतो ते माझ्याइतकं कोणी पाहिलं असेल? आणि माझ्याच घरात—

१० नोव्हेंबर, रविवार

अप्पांशी बोललो. म्हणजे मी पलंगाशी बसलो आणि तेच बोलले.

"दिवसभर परक्यांचं करतोस. घरी येऊन माझे पाय चेपायला लागलास की तोंड कसं उजळतं तुझं. म्हटलं, पोराला एवढं बरं वाटतंय तर पडून राहायला माझं काय जातंय?"

जातंय हो अप्पा, असं म्हणायचं होतं.

पण तेच म्हणाले, "आता जातंय असं वाटायला लागलंय."

आणि त्यांनी खरी गोष्ट काढली. त्यांचा जुना जोडीदार मिस्त्री दुसऱ्या गावी शाळेचं बांधकाम करतोय. दारावर विटांची कमान हवी आहे. मिस्त्रीचा निरोप आहे — ये, खुर्ची टाकून बस, नुसतं सांग. राहायची सोय आहे.

"चार-पाच महिन्यांचं काम—"

"नाही!" त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं.

अप्पांनी पांघरूण छातीपर्यंत ओढलं आणि पाय पुढे केला.

"बरं. चेप मग."

११ नोव्हेंबर

देवापुढे बसलो. रोजचं मागणं ओठांवर आलं — अप्पांची सेवा माझ्या हातून अशीच घडत राहू दे.

आणि अंगावर काटा आला.

अशीच! म्हणजे मी रोज काय मागत होतो? माझा बाप पलंगावरून उठू नये, हेच ना? वर्षभर हात जोडून, डोळे मिटून, मनोभावे!

आज काहीच मागितलं नाही. नुसता बसून राहिलो.

१४ नोव्हेंबर

अप्पांना म्हटलं, अंघोळ तुमची तुम्ही करा. बाहेर दाराशी उभा राहिलो. आत तांब्या पडला. मी धावलो.

"दार लाव! नागडा आहे मी!"

ही स्वयंपाकघरातून हसली. अप्पाही हसले असावेत, पाण्याच्या आवाजात नीट कळलं नाही. मला मात्र हात कुठे ठेवावेत समजेना.

१५ नोव्हेंबर

वॉर्डात आज एक पलंग रिकामा झाला. गेलेले आजोबा अप्पांच्याच वयाचे होते. त्यांचा मुलगा म्हणत होता, "आम्ही त्यांना काही म्हणजे काही करू दिलं नाही हो मामा." अभिमानाने सांगत होता बिचारा. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

१६ नोव्हेंबर, शनिवार

भीती आहेच. पुन्हा पडले तर? तिथे रात्रीचं कोण उठवणार? हिला म्हटलं. ती म्हणाली, "पडतील कदाचित. इथे तर रोज थोडे थोडे पडतायत."

मिस्त्रीला मीच फोन केला.

१८ नोव्हेंबर, सोमवार

बसची पायरी उंच होती. अप्पा दांडा धरून चढले, दुसऱ्या दमात. मी हात पाठीमागे बांधून उभा होतो.

कंडक्टर म्हणाला, "आजोबांबरोबर कोण आहे?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "ते कामाला चाललेत."