कुठेही चालेल

पहिला कागद माझ्या मित्राने, नंदूने, फाडला. त्यावर मी लिहिले होते : माझे जे आहे ते घरच्यांनी वाटून घ्यावे, कसेही चालेल.

"असं मृत्युपत्र नसतं, उदय," तो म्हणाला. "नावं घाल."

तर, मी उदय रघुवीर पोतनीस, वय अडतीस, जन्म वॉटफर्ड, व्यवसाय आइस हॉकी, उद्या सकाळी हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया, हे पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. दबाव असलाच तर नंदूचा.

सगळी व्यवस्था माझा भाऊ विनय पाहील.

बचत माझ्या मुलीला, अन्वीला. स्टिकही तिलाच. "बाबा, तुझी स्टिक मला पाहिजे," असे तिने लहानपणीच सांगून ठेवले आहे. हवे ते मागणे ती आईकडून शिकली.

माझ्या आईची, लीलावतीची, शिकवण वेगळी होती. कुणाच्या घरी गेल्यावर काय घेणार असे विचारले, तर "काहीही चालेल" म्हणायचे. ते मी बर्फावर नेले. बचावातला कुणी जायबंदी झाला, मी बचावात. कडेने चढाई करणारा विंगर पडला, मी विंगवर. एकदा गोलकीपरचे पॅडही बांधले. माझी अशी जागा कोणत्याच संघात झाली नाही, म्हणून दर एकदोन मोसमांनी क्लब बदलला. एका क्लबात दहा मोसम काढणाऱ्याला त्याच्या नावाचा सामना मिळतो. मी दुसऱ्यांच्या अशा सामन्यांत खेळलो, जिथे माणूस कमी होता तिथे.

शर्टांची पेटी विनयला. दोन शर्टांवर टेपखाली दुसऱ्यांची नावे आहेत. माणसे सापडली तर त्यांचे त्यांना द्यावेत.

ब्रॅकनेल क्लबातल्या माझ्या प्रशिक्षकाला काही नाही. कुठे खेळशील, असे त्याने विचारले होते. मी म्हणालो, "एनीव्हेअर." त्याने ते खरे मानले, यात त्याचा दोष नाही. तरी काही नाही.

नंदूलाही काही नाही. साक्षीदाराला वाटा घेता येत नाही.

"तुझे घामट मोजे हवेत कुणाला," तो म्हणतो.

मँचेस्टरचा फ्लॅट माझ्या पत्नीला, मीनलला. तो घेतला तेव्हा तिने विचारले होते, "आम्ही तिकडे येऊ, की इथेच राहू?" मी म्हणालो, "तुला जमेल तसं. मला काहीही चालेल." ती अन्वीला घेऊन वॉटफर्डलाच राहिली. फ्लॅटच्या खिडकीतून ट्राम दिसते. तिने ती एकदाच पाहिली आहे.

आज दुपारी तिचा फोन आला. "उद्या येऊ का?"

"बघ तुला कसं जमतंय ते."

तिने फोन ठेवला.

नंदूने हे वाचले आणि पेन मागितले.

आम्ही दोघांनी उदयची सही समोर पाहिली आणि मग आपापली केली :
नंदू केळशीकर, मित्र
आर्थर हॉलिंगवर्थ, शेजारच्या खाटेवरचा रुग्ण

उदय रघुवीर पोतनीस
मँचेस्टर, १४ नोव्हेंबर २००६

१५ तारीख, सकाळ. हे साक्षीदारांसमोर लिहिलेले नाही; कायद्यात धरू नये. उठल्यावर मीनलला फोन केला. म्हणालो, "ये."

"आता?" ती म्हणाली. "मी पोचेपर्यंत तुला आत नेलेलं असेल, उदय."

"तरी ये. मला तू इथे हवी आहेस."

फोन न ठेवताच तिने अन्वीला कोट घालायला सांगितले. आता मला न्यायला आले आहेत.