हळद लागलेली बाहुली

मंगळवार, वैशाख. दिवेलागणीची वेळ.

ताई जाऊन महिना झाला. तिची सोनी, सहा वर्षांची, माझ्याकडंच आहे. सुट्टीत तिला कशात रमवायचं ते मी कॅलेंडरच्या मागं लिहून काढलं होतं. कुरडयांचा चीक, चिखलाचे बैल, वेरूळ, आणि आज बाहुलीचं लग्न.

सकाळी बाहुलीला हळद लावली. सोनी लई खूश होती. शेजारची पोरं वऱ्हाडी झाली, अक्षता वाटल्या, अन् सोनीनं बाहुली फ्रॉकखाली लपवली.

"आज नाय, मावशी. मी नवरीची आई. मग नवरीची आजी नको का? आई दवाखान्यातून आल्यावर लग्न लावू."

दवाखान्याचं मीच सांगितलं होतं. दुसरं काय सांगणार होते? पोरांच्या हातावर लाडू ठेवून त्यांना घरी पाठवलं.

मग म्हटलं, उद्या वेरूळला जाऊ.

"हळद लागल्यावर नवरीला बाहेर न्यायचं नसतं. तूच सांगितलं ना?"

व्हय, तेही मीच.

आता सोनी बाहुलीपाशीच झोपलीय. बाहुलीच्या गालावरची हळद वाळून तडकलीय. रोज सकाळी नवी लावायची, आई येईपर्यंत, असं झोपताना तिनं बजावलं.

मी व्हय म्हटलं.