साडेआठचं शून्य

मी, शरावती सुब्राय दीक्षित, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त पोस्टमास्तर, राहणार कोडसबैल, तालुका सिद्दापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आज सकाळी साडेआठ वाजता मी बागेच्या कडेचं पर्जन्यमापक उघडलं. आत पाणी नव्हतं. वहीत शून्य लिहिलं आणि तेच शून्य फोनवरून कट्ट्यावर टाकलं. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा याहून चांगला पुरावा माझ्यापाशी नाही. मला कोणी भरीस घातलेलं नाही. भरीस घालायला घरात दुसरं माणूसच नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. राहतं घर आणि सव्वा एकराची सुपारीची बाग माझ्या दिरांचा मुलगा विनायक यास द्यावी. तो बेंगळुरूला असतो आणि गणेश चतुर्थीला न चुकता फोन करतो. घराचं पर्यटकांसाठी राहण्याचं ठिकाण करायचा त्याचा बेत आहे, तो त्याने खुशाल करावा. अट एकच. पर्जन्यमापकाच्या चारी बाजूंना दहा-दहा हात जागा मोकळी ठेवावी. तिथे झोपाळा, छत्री, शोभेचं झाड काहीही येता कामा नये. का, ते कलम ४ मध्ये आहे.

कलम २. पोस्टातली शिल्लक, गाय आणि तिचं वासरू गंगी बंगार्या नायक हिला द्यावं. बावीस वर्षं ती माझ्याकडे कामाला आहे आणि बावीस वर्षं माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते आहे. तिने ताकातल्या तंबळीत मिरी कमी घालायला शिकावं, अशी माझी शेवटची इच्छा आहे. ती पुरी होणार नाही हे मला ठाऊक आहे.

कलम ३. माझा फोन लिओ मस्करेन्हस, रबरवाले, राहणार बेळतंगडीजवळ, यांना द्यावा. या मृत्युपत्राचे व्यवस्थापकही तेच. त्यांना मी एकदाही प्रत्यक्ष भेटलेले नाही. वकिलांनी चष्म्यावरून पाहिलं, पण माझी निवड पक्की आहे.

कट्टा काय ते इथे नोंदवणं भाग आहे. सतरा वर्षांपूर्वी लिओंनी संगणकावर तो सुरू केला, पुढे तो फोनवर आला. मलनाड आणि किनारपट्टीवरचे आम्ही बागाईतदार रोज साडेआठला मापक वाचतो आणि आकडा टाकतो. पावसाळ्यात सगळेच टाकतात. कट्ट्याची खरी रीत उन्हाळ्यात कळते, कारण पाऊस नसला तरी शून्य टाकावंच लागतं. नऊपर्यंत कुणाचं शून्य आलं नाही तर चौकशी होते. या महिन्यातलीच एक सकाळ देते.

लिओ: "अक्का, आज किती?"

मी: "शून्य."

लिओ: "कालच्यापेक्षा वाढलं की कमी झालं?"

मुडिगेरेचे कॉफीवाले इक्बाल साहेब: "माझंही शून्यच आहे. पण जरा ओलसर शून्य आहे हो, दव पडलंय."

मी: "ओलसर असेल तर पिळून बघा, साहेब."

लिओ: "ऐका! हवामान खात्याची सासू बोलली."

ही पदवी लिओंनी मला दिली, ती मी त्यांना माफ करत आहे. यानंतर दिवसभर माझ्याशी बोलायला फक्त गंगी असते, आणि तीही चारला घरी जाते. एकटं वाटतं. मृत्युपत्रात असं लिहायची पद्धत नाही, तरी लिहिते.

कलम ४. हे कलम कबुलीचं आहे.

कट्ट्यावर चौथे होते आगुंबेजवळचे पद्मनाभ उपाध्याय. गणिताचे शाळामास्तर, म्हणून आम्ही त्यांना मेष्ट्रे म्हणायचो. त्यांच्या आकड्यापुढे नेहमी एकच शब्द असायचा: "तपासून." वर्षभरात ज्याच्याकडे सर्वांत जास्त पाऊस, तो आमचा वरुणराज. दुसऱ्या नंबरवाल्याने त्याला अप्पेमिडीच्या लोणच्याची भरणी पाठवायची. मेष्ट्रे आठ वर्षं वरुणराज होते. आठ भरण्या मी स्वतः बांधून पोस्टात घातल्या, आणि रानातल्या त्या कोवळ्या कैऱ्या दुसऱ्याच्या पानात जाताना दर वेळी माझा जीव जळला.

२०१३ च्या जानेवारीत माझे यजमान गेले. मापक त्यांनीच रोवलेलं, १९९१ साली. त्या जुलैत एका सकाळी माझा आकडा आला तीनशे अठरा मिलीमीटर, मेष्ट्रेंच्या पुढे. कट्ट्यावर दिवाळी झाली. मेष्ट्रेंनी लिहिलं, "अक्का, वारा पाहता इतका पडू नये. मापकावर काही झुकलंय का बघा. एक फोटो टाकाल?"

मी उत्तर दिलं, "मापक ह्यांनी रोवलंय. त्यांना जाऊन सहा महिने झाले. फोटो हवा असेल तर त्यांचाच टाकते, हार घातलेला."

सगळे मेष्ट्रेंवर तुटून पडले. इक्बाल साहेब म्हणाले, "आगुंबेवाल्यांना हरायची सवय नाही." लिओ म्हणाले, "मेष्ट्रे, हे बरं नव्हे, माफी मागा." मेष्ट्रेंनी लिहिलं, "चुकलं, अक्का." दुसऱ्या दिवशी त्यांचा आकडा आला नाही. पुन्हा कधीच आला नाही. वर्ष संपलं तेव्हा मात्र भरणी आली, सुपारीच्या विरीत, म्हणजे झावळीच्या रुंद बुडख्यात, नीट बांधलेली, चिठ्ठीशिवाय. लोणचं उत्तम होतं. मी ते सात महिने पुरवून खाल्लं.

ती भरणी अर्धी संपली असताना मी एकदा मापक घासायला घेतलं. नरसाळ्याच्या काठावर एकाच जागी शेवाळाची हिरवी रेघ होती. वर बघितलं. ह्यांनी ज्या पोफळीवर मिरीचा वेल चढवला होता, ती वेलाच्या ओझ्याने कलली होती आणि तिच्या झावळीचं टोक बरोबर मापकावर आलं होतं. शिडी लावून मी झावळीवर तांब्याभर पाणी ओतलं. सगळं पाणी धार लागून नरसाळ्यात गेलं.

मी गंगीच्या नवऱ्याला, बंगार्याला, सांगितलं, झावळीला रोग पडलाय, तोड. कट्ट्यावर एक अक्षर टाकलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात माझे आकडे उतरले. कोडसबैलचा पाऊस का घटला यावर इक्बाल साहेबांनी जंगलतोडीबद्दल दोन पानं लिहिली. कुठल्याशा कॉलेजातल्या बाईंनी माझ्या वह्यांचे फोटो मागवून त्यावर निबंध वाचला. मी सगळ्यांचे आभार मानले. रोज लिहावंसं वाटे आणि रोज भीती वाटे की खरं कळलं तर माझा आकडा कोणी विचारणार नाही. मग सकाळी बोलायला उरणार कोण?

म्हणून, माझ्या मागे व्यवस्थापकांनी २०११, १२ आणि १३ या सालांचे (पोफळ नक्की कधीपासून कलली ते ठाऊक नाही, म्हणून तिन्ही सालांचे) पावसाळी आकडे तांबड्या शाईने खोडावेत, ही कबुली कट्ट्यावर जशीच्या तशी टाकावी आणि २०१३ चं वरुणराजपद मेष्ट्रेंना द्यावं. जिवंतपणी माझ्याच्याने होत नाही.

कलम ५. पर्जन्यमापक, मापाची नळी, एकतीस वह्या आणि मेष्ट्रेंची भरणी, ताज्या लोणच्याने भरून, पद्मनाभ उपाध्याय यांना द्यावी.

ता. ५ फेब्रुवारी. पुढे लिहिते.

कलम ५ वाचून शानभाग वकील म्हणाले, "हे गृहस्थ हयात आहेत ना? तेवढी खात्री करा, नाहीतर कलम वाया जाईल." मला हे सुचलंच नव्हतं. मेष्ट्रेंना फोन करायचा धीर होईना, म्हणून लिओंना केला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच ऐकला, मला वाटला होता त्यापेक्षा बराच म्हातारा आहे.

"मेष्ट्रे?" लिओ म्हणाले. "अहो अक्का, आत्ता सकाळी तर बोललो. रोज पावणेनऊला त्यांचा फोन असतो."

"कशाला?"

"एकच विचारतात. अक्कांचा आकडा आला का? मी आला म्हटलं की ठेवून देतात."

"किती दिवस?"

"दिवस कसले! कट्टा सोडला तेव्हापासून. मला शपथ घातली होती, सांगायचं नाही म्हणून. आता तुम्हीच खोदून विचारताय."

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टात मी मापकाजवळ घसरून पडले, घोटा मोडला. तासभर चिखलात पडून होते. बंगार्या धावत आला तो सांगत की सोसायटीत कुणाचा तरी फोन आलाय, अक्कांचा आकडा आला नाही, आधी जाऊन बघा. मी लिओंचे आभार मानले होते. आता विचारलं तर म्हणाले, "मी नाही हो केला. मी तापाने झोपलेलो. मेष्ट्रेंना आकडा नाही आला, एवढंच सांगितलं होतं."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात बसून रडले. गंगीने कारण विचारलं नाही, ताक आणून दिलं. मग मी मेष्ट्रेंना कार्ड लिहिलं. सही करायची आहे, या, एवढंच.

ता. ९ फेब्रुवारी.

मेष्ट्रे काल सिद्दापूरला मुक्काम करून आज पहिल्या बसने आले. बारीक माणूस, हातात काठी. घरात येण्याआधी ते मापकाजवळ गेले आणि सर्वांत आधी मान वर करून बघितलं.

वकिलांसमोर मी त्यांना कलम ४ वाचून दाखवलं.

"झावळीचं मला ठाऊक होतं," मेष्ट्रे म्हणाले. "कॉलेजातल्या बाईंच्या त्या निबंधात तुमचे आकडे बघितले. दुसऱ्याच वर्षी पश्चिम वाऱ्याच्या दिवसांचे उतरले. तेव्हा कळलं, तोडलीत म्हणून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही आकडा टाकणं बंद केलं असतं. मग तुम्ही बऱ्या आहात की नाही, मला कसं कळणार?"

वकिलांनी घसा खाकरला. म्हणाले, ज्याला मिळतं त्याने साक्ष घालू नये, पुढे वाद होतो. मेष्ट्रेंनी दोन्हीपैकी एक निवडावं.

"काय मिळायचंय?" मेष्ट्रेंनी विचारलं. मी सांगितलं.

"मग मी साक्षच घालतो. मापक आहे तिथे बरं आहे. अक्का अजून वाचताहेत ना?"

सबब कलम ५ रद्द. मापक कोणाला द्यायचं ते मी कोरं ठेवत आहे, वकील नाराज आहेत. कलम ४ मधली कबुली माझ्या मागे टाकायची गरज उरलेली नाही. आजच्या आकड्याखाली मीच ती कट्ट्यावर टाकली. इक्बाल साहेबांनी त्यांची दोन पानं परत मागितली आहेत. लिओ म्हणतात, सासूबाईंचं पद कायम. बाकी सर्व कलमं लागू राहतील. मेष्ट्रे दोनच्या बसने परत जातील. भरणी मी त्यांच्या पिशवीत ठेवली आहे, ती मृत्युपत्रात धरू नये.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला आणि दोघांसमक्ष सही केली. त्या दोघांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

(सही) शरावती सुब्राय दीक्षित

साक्षीदार:
१. (सही) रा. वा. शानभाग, वकील, सिद्दापूर
२. (सही) पद्मनाभ उपाध्याय, निवृत्त शिक्षक

ठिकाण: कोडसबैल
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२२

साक्षीदार क्र. २ यांनी सहीखाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ जास्तीची लिहिली आहे. वकील खोडा म्हणाले, मी खोडू दिली नाही:

आजचा पाऊस, कोडसबैल, साडेआठ: शून्य. तपासून.